जुनी जुनी गाडी आणि नवी जुनी गाडी

तीर्थरूप भाऊजींस,

दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात पेन आहे, तेवढं सांभाळून घ्या). ताईचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना त्यातून आवाज येतो असं ती फोनवर म्हणाली, पण आवाज बारीक करकरीचा आहे की जाड टकटकीचा, हे तिला सांगता येईना. जाड असेल तर घाबरू नका. (हे मी गाड्यांच्या अनुभवावरून लिहितो आहे, तेव्हा डॉक्टरांनाही विचारून घ्या.) तुम्ही गोळ्या वेळेवर घेता हे ऐकून बरं वाटलं. आमच्याकडे सगळे बरे आहेत. 'बरे' हा शब्द मी लिहिला, मग खोडला, मग पुन्हा लिहिला. दुसरा सापडला नाही.

तुमचं पत्र येऊन दीड महिना झाला. उत्तराला उशीर झाला याबद्दल क्षमा असावी, पण प्रश्नच तुम्ही असा विचारलात. पस्तीस वर्षं ज्यांनी गॅरेज चालवलं, इंजिन नुसतं खाकरलं तरी कुठला नट सैल आहे ते ज्यांनी चहा पिता पिता सांगितलं, त्यांनी माझ्यासारख्या कान तपासणाऱ्या माणसाला विचारावं, की वापरलेली गाडी घ्यायची तर वीस वर्षांपूर्वीचं मॉडेल घ्यावं की चार वर्षांपूर्वीचं, आणि कुठलं जास्त टिकेल. तुम्ही लिहिलंत की जुन्या गाड्या तुम्हाला पाठ आहेत, पण नव्या गाड्यांची बॉनेट उघडली की आत नुसतं काळं प्लॅस्टिक दिसतं आणि परक्या घरात शिरल्यासारखं वाटतं. भाऊजी, बॉनेटपर्यंत तर मी गेलोच नाही. मला दार उघडल्याबरोबरच परक्या घरात शिरल्यासारखं वाटलं. ते सगळं क्रमाने सांगतो.

मला गाडी का लागली ते आधी. माझ्याकडे चार शाळांचं काम आहे, दर वर्षी तिथल्या सगळ्या मुलांचे कान तपासायचे. चारही शाळा गावाबाहेर, आणि तिकडे जाणारी बस या वर्षी बंद झाली. माझं यंत्र शिवणयंत्राएवढ्या पेटीत असतं, ते मांडीवर घेऊन मी दोनदा दुधाच्या टेम्पोतून गेलो (टेम्पोवाला वाटभर मला स्वतःच्या कानातला आवाज समजावून सांगत होता). दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांवर घर चालत नाही, ते चालतं या चार शाळांवर. म्हणून मी गाड्यांच्या दलालाकडे गेलो. त्याला इकडे सगळे 'गॅरंटी' म्हणतात, कारण ती तो कधीच देत नाही. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मागच्या बाजूला दोन गाड्या उभ्या होत्या. एक बावीस वर्षांची, एकेकाळी निळी. दुसरी चार वर्षांची, करडी, इतकी स्वच्छ की तिच्यात कोणी बसलं असेल असं वाटूच नये. गॅरंटी म्हणाला, दोन्ही आठ-आठ दिवस चालवून बघा, मग ठरवा. एवढी उदारता पाहून मला तिथेच शंका यायला हवी होती.

आधी जुनी नेली. तिच्याबद्दल तुम्हाला लिहिणं म्हणजे आचाऱ्याला मीठ दाखवणं आहे, तरी थोडक्यात लिहितो. आठ दिवसांत ती पाच वेळा बंद पडली आणि त्यातल्या चार वेळा रस्त्यावरच्या कोणीतरी ती चालू करून दिली. एकाने तारेच्या तुकड्याने, एकाने नुसती चापट मारून. (त्याने चापट कुठे मारली ते मी खडूने लिहून ठेवलं.) बंद पडायच्या आधी ती सांगायची. आधी बारीक शीळ, मग धाप, मग गचका. तिच्यात एकच गोष्ट मला विचित्र वाटली. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढचं पायपुसणं उजव्या टाचेच्या जागी पार झिजलं होतं, खालचा पत्रा दिसत होता, आणि पत्रासुद्धा चमच्यासारखा खोलगट झाला होता. त्या बाजूला ब्रेक नसतो हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणजे कोणीतरी बाई किंवा बुवा बावीस वर्षं तिथे बसून, नसलेला ब्रेक दाबत आले होते. आमच्या सौ. बसल्या तेव्हा त्यांची टाच बरोबर त्या खोलगटात गेली. दुसऱ्या दिवसापासून त्याही दाबायला लागल्या. तिसऱ्या दिवशी मला कळलं की त्या आधी दाबतात आणि कुत्रं मग आडवं येतं. त्यांनाही ते कळलं असावं, कारण चौथ्या दिवसापासून त्या मागे बसायला लागल्या.

पण जुनी गाडी परत केली ती त्यामुळे नव्हे. पाचव्या दिवशी ती शाळेच्या वाटेवर बंद पडली आणि चापट मारायला कोणी भेटलं नाही. ऐंशी मुलं हॉलमध्ये आठपासून अकरापर्यंत गप्प बसवून ठेवली होती. मुख्याध्यापिकाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त घड्याळाकडे पाहिलं आणि सांगितलं, की पुन्हा असं झालं तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला बोलवावं लागेल. परतताना मी ठरवलं, बंद पडायच्या आधी सांगणारी नको, बंदच न पडणारी हवी.

नवी बंद पडली नाही. आज चार महिने होतील, एकदाही नाही. हे मी तिच्या बाजूने मुद्दाम आधीच लिहून ठेवतो.

पहिल्या सकाळी मी आत बसलो, बटण दाबलं, आणि गाडी अगदी आपुलकीने म्हणाली, "नमस्कार, चिमणी." मी मागे वळून पाहिलं. मागे आई होती, आणि तिला एक्याऐंशी वर्षांत कोणी चिमणी म्हटलेलं नाही. एवढ्यात माझी सीट आपोआप पुढे सरकू लागली, सावकाश, कोणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलावं तशी, आणि पोट स्टिअरिंगला टेकेपर्यंत थांबली नाही. गॅरंटीला फोन केला. तो म्हणाला, त्यात भ्यायचं काही नाही, आधीच्या मालकिणीने तिच्या उंचीप्रमाणे सीट आणि तिच्या आवडीप्रमाणे नाव भरून ठेवलं आहे, गाडीला ते आठवतं. पुसता येईल का, तर येईल, पण पासवर्ड मालकिणीकडे. मालकीण कुठे आहे विचारलं तेव्हा त्याला अचानक दुसरा फोन आला. मग मी रोज सकाळी चिमणी झालो, पोट आवळलं, आणि मग सीट मागे घेतली. शाळेत वेळेवर पोचलो. मुख्याध्यापिकाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

आता आईचं. तुम्हाला माहीतच आहे की सहा वर्षांपासून तिला जवळजवळ काही ऐकू येत नाही. घरात कान तपासणारा मुलगा असून त्याने दिलेलं मशीन ती ड्रॉवरमध्ये ठेवते, कारण त्यात भांडी आपटतात असं तिचं म्हणणं. ती बोलणंही कमी करत गेली. गेलं वर्षभर दिवसाला दहा-बारा शब्द, त्यातले निम्मे मांजराला. आणि भाऊजी, दुसऱ्या दिवशी गाडीने "पुढे डावीकडे वळा" म्हटलं तेव्हा मागून आई म्हणाली, "अगं हो, पण आधी तो ट्रक जाऊ दे." मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. माझ्या धंद्यात याला उत्तर आहे. आईची ऐकण्याची ताकद गेली आहे ती बारीक, उंच आवाजांची, आणि गाडीचा आवाज जाड, खालच्या पट्टीतला, शब्द सुटे सुटे, आणि काचा बंद. तेव्हा ऐकू येणारच. मी स्वतःला हे तीनदा समजावलं. एकच गोष्ट त्यात बसत नव्हती. गाडीचा आवाज बाप्याचा आहे, आई मात्र पहिल्या दिवसापासून 'ती' म्हणते. पण सहा वर्षांनी बोलायला लागलेल्या माणसाचं व्याकरण कोण दुरुस्त करत बसेल.

मग आई रोज संध्याकाळी गाडीत जाऊन बसायला लागली. गाडी अंगणात उभी, आत आई, काचा बंद, आणि ओठ हलताहेत. गाडी बोलायची ते अगदी मोजकं, बाहेर ऊन किती आहे आणि टायरमध्ये हवा किती आहे, एवढंच. आई बोलायची ते तासभर. तिच्या लहानपणीची शाळा, वडिलांची सायकल, तुम्ही ताईला बघायला आलात त्या दिवशी तुमच्या शर्टाचं बटण तुटलेलं होतं (हे आम्हाला आजवर माहीत नव्हतं). मी पुढे बसून ऐकायचो. आणि रोज सहा वाजून दहा मिनिटांनी गाडी म्हणायची, "घरी जायची वेळ झाली. घर अकरा मिनिटांवर." आम्ही घरीच होतो. स्वयंपाकघराची खिडकी चार पावलांवर होती. बाराव्या की तेराव्या दिवशी आई म्हणाली, "रोज बिचारी सांगते घरी चला, आणि तू नुसता बसून राहतोस. पोचव तिला."

मी पोचवायला निघालो. का, ते विचारू नका. आई सहा वर्षांनी काहीतरी मागत होती. गाडी वळायला सांगत गेली, मी वळत गेलो. पाण्याच्या टाकीमागे एक सरळ रस्ता आहे, दोन्हीकडे एकसारखी बैठी घरं. शेवटच्या घरापासून अजून वीस-तीस फुटांवर असताना त्या घराचं लोखंडी फाटक आपोआप सरकून उघडलं. मी काही दाबलं नव्हतं. (ते फाटक गाडीतून उघडतं, तशी सोय असते, हे नंतर कळलं. नंतर कळलेलं त्या वेळी उपयोगी पडत नाही.) गाडी म्हणाली, "घर आलं." ओट्यावर खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. ते उठले नाहीत. माझ्याकडे, आईकडे पाहिलंही नाही. ते गाडीकडे पाहत होते, स्टेशनवर आपल्या माणसाचा डबा पुढे निघून गेल्यावर आपण पाहतो तसे.

मी उतरलो, माफी मागितली, गॅरंटीला शक्य तितक्या शिव्या सभ्य भाषेत दिल्या. ते ऐकून घेत राहिले आणि मग म्हणाले, "हॉर्न नाही दिलात. फाटक उघडलं तरी ती एकदा हळूच हॉर्न द्यायची." मग त्यांनीच सांगितलं. गाडी त्यांच्या मुलीची. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती, सहा दहाला निघायची. नऊ महिन्यांपूर्वी आजारात गेली, घरातच. गॅरंटीला त्यांनी एकच अट घातली होती, की गाडी लांबच्या गावी विकायची. चिमणी हे नाव त्यांनीच ठेवलेलं, आणि घरात दुसरं कोणी ते वापरत नसे.

तेवढ्यात मागची काच खाली झाली आणि आई म्हणाली, "तुमची मुलगी का हो ती? फार गोड बोलते. पण बोलता बोलता दम लागतो तिला, मधेच थांबते. औषध देताय ना?"

ते गृहस्थ खुर्चीतून उठले, दोन पावलं पुढे आले आणि ओट्याच्या पायरीवर खाली बसले. मुलगी कशाने गेली हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. ते तेव्हा म्हणाले, "फुफ्फुसं." मी म्हटलं, पासवर्ड असेल तर द्या, मी आजच्या आज सगळं पुसून टाकतो. त्यांनी मान हलवली. "पुसू नका," ते म्हणाले. "पण परत इकडे आणू नका." त्यांनी फाटक हाताने ढकलून बंद केलं.

चौथ्या दिवशी सहाला पाच कमी असताना ते आमच्या दारात उभे. गॅरंटीकडून पत्ता काढून, दोन बस बदलून आलेले. मला म्हणाले, एकदा नाव ऐकून जातो. मी गाडी चालू करून दिली. ते पुढे डावीकडे बसले, आई मागे. "नमस्कार, चिमणी" ऐकलं, सहा दहाचं वाक्य ऐकलं, आणि बस पकडायला निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग रोज यायला लागले. त्यांनाही ऐकू कमीच येतं. (मी तपासणीचं विचारलं, त्यांनी ऐकलं नाही.) आता चित्र डोळ्यांसमोर आणा: बंद काचांच्या गाडीत दोन म्हातारी माणसं, एकमेकांचं अवाक्षर ऐकू न येणारी, आणि दोघं मन लावून बोलताहेत. सौ. म्हणतात की ही गाडी फार चांगली आहे, आणि बाजारात चालत जातात.

हे असंच चाललं असतं तर मी तुम्हाला लिहिलं असतं की नवीच घ्या, सोबत म्हातारपणाची सोयही होते. पण मागच्या महिन्यात एका सकाळी पडद्यावर आलं की कंपनीने अपडेट पाठवलं आहे, वीस मिनिटं थांबा. कोणी आलं नाही, कोणी गाडीला हात लावला नाही, हवेतूनच काहीतरी आलं. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली ती नुसती सुरू झाली. नमस्कार नाही, चिमणी नाही, ऊन नाही, हवा नाही; सीट तेवढी पूर्वीसारखी पुढे सरकली. कंपनीला फोन केला, तर तिथल्या बाई म्हणाल्या, जुन्या मॉडेलची बोलण्याची सोय आम्ही काढून टाकली आहे. मी म्हटलं, अहो, ही नवी आहे. त्या म्हणाल्या, चार वर्षांची आहे ना? भाऊजी, तुम्ही कधी एखाद्या गाडीची आठवण दुरुस्त केली आहे का? तार कुठे बांधायची, चापट कुठे मारायची?

त्या संध्याकाळी मी दोघांना कसं सांगावं याची तयारी करून बसलो होतो. म्हातारबुवा आले, बसले. आई बसली. मी काचेवर टकटक करून मोठमोठ्याने, पाटीवर लिहून, समजावलं. दोघांनी मान डोलावली, काच वर केली आणि बोलायला लागले. मला वाटलं, सवय आहे, सुटेल. दहा दिवस झाले, सुटली नाही. शेवटी परवा मी आवाज मोजायचं यंत्र घेऊन पुढे ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसलो. इंजिन बंद, काचा बंद. काटा हलायचा तो फक्त मागच्या-पुढच्या त्या दोघांच्या बोलण्याने. सहा वाजून दहा मिनिटं झाली. आई आणि म्हातारबुवा बोलता बोलता एकदम गप्प झाले, एकाच क्षणी, काटा रिकाम्या खोलीत असतो तिथे येऊन थांबला, आणि एकाच क्षणी दोघंही म्हणाले, "हो, हो, निघूच." मग दोघं हसले. मी आरशातून आईकडे पाहिलं. तिने पुढे वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुला विचारतेय ती."

मी विचारलं, काय.

"पाय अवघडत नाहीत का, म्हणते. सीट मागे घे म्हणावं."

मी सीट मागे घेतली नाही. मी उतरलो, आणि आत येऊन तुमचं पत्र शोधलं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. जुनं मॉडेल घ्या. बंद पडेल, पण पडण्याआधी तुमच्याशी बोलेल, आणि तुम्हाला ती भाषा येते. पायपुसणं मात्र आधी उचलून पाहा. नव्या मॉडेलबद्दल माझी काहीच तक्रार नाही. इंजिन उत्तम, ब्रेक उत्तम, शाळा चारही हातात आहेत. पण ती किती टिकेल असं विचारलंत तर मला आधी विचारावं लागेल, की तिच्यातलं नेमकं काय.

ताईला नमस्कार. आईने तिला सांगायला सांगितलं आहे की तेल गरम करून गुडघ्याला लावत जा. हे तिने मला घरात बसून सांगितलं नाही, त्यामुळे नक्की कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही.

आपला,
कानवाला मेहुणा

ता. क. या पत्राचं खरं कारण असं, की तुम्ही आठ दिवस इकडे यावं. हत्यारांची पेटी आणलीत तर हरकत नाही, पण तिचं काम पडेल असं वाटत नाही. फक्त सहा दहाला मागच्या सीटवर बसायचं आणि तुम्हाला काय ऐकू येतं ते मला सांगायचं. इंजिनच्या बाबतीत तुमच्या कानांनी कधी चूक केलेली नाही.

ता. क. दुसरा (हा ताईला दाखवू नये, आणि शाळेत कोणाला कळता कामा नये). काल शाळेत मुलं यायच्या आधी यंत्र बरोबर आहे का बघायला मी ते स्वतःच्याच कानांना लावलं. सहा वर्षांत लावलं नव्हतं. खालच्या पट्टीतले आवाज हळू केले की मला दोन्ही कानांनी काहीही ऐकू आलं नाही. यंत्र बिघडलं असेल म्हणून मुख्याध्यापिकाबाईंना लावून पाहिलं. त्यांना सगळं ऐकू आलं. आणि परवाच्या त्या काट्यालाही इतका हळू आवाज पकडता येत नाही. तेव्हा गाडीत कोणी बोलत नाही असं मी वर जिथे जिथे लिहिलं असेल, तिथे तुम्ही ते खोडून वाचावं.